रामगड आणि मेळघाट

लहानपणीं ज्या गोष्टीनें आपल्याला वेड लावलें ती पोक्त वयांत पुन्हां डोळ्यांपुढें आणावी कीं आणूं नये, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आजोळचा वाडा फार वर्षांनीं पाहिला तर तो लहान वाटतो, आणि ज्या विहिरींत डोकावतांना छाती धडधडे ती उथळ निघते. शहाणीं माणसें म्हणूनच अशा ठिकाणीं पुन्हां जात नाहींत. परंतु इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला हें शहाणपण परवडत नाहीं. जुना कागद पुन्हां वाचणें हाच त्याचा धंदा. कागद तोच राहतो, वाचणारा पालटतो; आणि पहिल्या वाचनांत जें दिसलें नाहीं तें दुसऱ्या वाचनांत कां दिसलें, याचा विचार करणें त्याला भाग पडतें. गेल्या भाद्रपदांत सेमाडोह येथें दोन रात्री काढण्याचा योग आला, तेव्हां असाच एक जुना कागद मला पुन्हां वाचावा लागला. तो कागद म्हणजे ‘शोले’ हा चित्रपट होय.

इतिहासाच्या प्राध्यापकानें असल्या विषयावर लेखणी चालवावी काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर इतकेंच कीं, बखरींतहि दंतकथा असतात, आणि म्हणून आपण बखरी फेंकून देत नाहीं. ती दंतकथा कोणीं रचली, कोणासाठीं रचली आणि लोकांनीं ती कां मानली, हें आपण विचारतों. पन्नास वर्षें जो चित्रपट लोकांनीं पाहिला, ज्याचे संवाद पाठ केले, तो आपल्या काळाची एक बखरच आहे.

परतवाड्याहून धारणीला जाणारा रस्ता घाट चढून मेळघाटांत शिरतो आणि सागाच्या रानांतून वळणें घेत सिपना नदीच्या कांठीं सेमाडोहला येतो. गांव लहानसें. कोरकूंचीं घरें, वनखात्याच्या इमारती, प्रवाशांसाठीं बांधलेलें निवासस्थान, शाळा आणि रस्त्यालगतचीं चार दुकानें. पावसाळ्यांत सिपना गढूळ होऊन दुथडी वाहते आणि डोंगर धुक्यांत नाहींसे होतात. माझा एक जुना विद्यार्थी येथें शिक्षक आहे. तो कोरकू समाजांतला. आमच्या महाविद्यालयांत मीं त्याला तीन वर्षें इतिहास शिकविला. त्याच्याच घरीं मी उतरलों होतों. रात्रीं जेवणें झाल्यावर पाऊस थांबेना, तेव्हां तो म्हणाला, ‘सर, तुम्ही वर्गांत ज्या सिनेमाचे दाखले देत होतां त्याची लांब प्रत माझ्याजवळ आहे. पाहायची का?’ आणि त्यानें फडताळांतून एक जुनी तबकडी काढली.

मीं ‘शोले’ प्रथम पाहिला तो बहिरमच्या जत्रेंत. बहिरम हें सातपुड्याच्या पायथ्याचें क्षेत्र. तेथें ऐन थंडींत महिनाभर जत्रा भरते. रोडगे, वांग्याची भाजी आणि मातीच्या हंडींत शिजविलेलें मटण यांसाठीं ती साऱ्या वऱ्हाडांत प्रसिद्ध आहे. १९८० च्या सुमाराची गोष्ट असावी. मी दहा-अकरा वर्षांचा होतों. वडिलांचें बोट धरून तंबूंतल्या सिनेमाला गेलों. यंत्र एकच असल्यामुळें रीळ संपलें कीं अंधार फिटे, चहावाला फिरे, शेंगांचीं टरफलें पायांखालीं वाजत, आणि पुन्हां अंधार होऊन पडद्यावर घोडे दौडूं लागत. बाहेर सातपुड्याचा काळा डोंगर उभा होता. गब्बरसिंग त्याच डोंगरावरून उतरून येणार, अशी माझी खात्री झाली होती. पुढें कित्येक दिवस मी संध्याकाळ झाल्यावर एकटा मळ्यांत गेलों नाहीं.

त्यानंतर व्हिडिओचा काळ आला. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें दूरदर्शन रंगीत झालें. १९८४ सालीं ठिकठिकाणीं लघुशक्तीचे प्रक्षेपक उभे राहिले. आणि ज्या खेड्यांत दूरदर्शनचीं चित्रें धड पोंचत नव्हतीं तेथेंहि एका रात्रीपुरता संच, व्ही. सी. आर. आणि तीन कॅसेटी भाड्यानें मिळूं लागल्या. गणपतींत, लग्नांत, बारशांत अंगणांत सतरंजी पसरून रात्रभर चित्रपट चालत. त्या तिनांत एक ‘शोले’ बहुधा ठरलेला असे. वीज नसलेल्या रानांतल्या गांवीं जनित्र नेत. माझ्या विद्यार्थ्यानें हा चित्रपट प्रथम पाहिला तो असाच. अर्धें गांव त्या रात्रीं एका चौकोनी कांचेपुढें बसलें होतें.

हा चित्रपट ज्या कुळांतला आहे त्याला अमेरिकेंत ‘वेस्टर्न’ म्हणतात. पश्चिमेकडील ओसाड मुलूख, नवी वस्ती, तिच्यावर पडणारे दरोडे आणि तिच्या रक्षणासाठीं आलेला बंदूकधारी, एवढ्या साहित्यावर त्या देशानें शेंकडों कथा उभ्या केल्या. १९०३ सालच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या छोट्या मूकपटापासून ही परंपरा चित्रपटांत रूढ झाली. पुढें दूरदर्शनवर तिला घरोघरीं स्थान मिळालें. ‘गनस्मोक’ नांवाची मालिका १९५५ पासून १९७५ पर्यंत, वीस वर्षें अखंड चालली. एका सबंध पिढीनें कायदा म्हणजे काय हें त्या मालिकेंतल्या मार्शलकडून शिकून घेतलें. १९७५ च्या मार्चमध्यें ही मालिका संपली, आणि त्याच वर्षीं १५ ऑगस्टला आपल्याकडे ‘शोले’ झळकला. अमेरिकेंत त्या कथेचा भर ओसरत असतां येथें ती नव्यानें जन्मली.

ही उसनवारी होती, आणि ती कोणीं लपविलीहि नाहीं. सलीम-जावेद या लेखकद्वयापुढें जपानी दिग्दर्शक कुरोसावा याचा १९५४ सालचा ‘सेव्हन सामुराई’ होता, इटालियन दिग्दर्शक लिओने याचा १९६८ सालचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ होता. रामगड उभें राहिलें तें बंगलोरजवळच्या रामनगरच्या खडकांत. आगगाडीवरील दरोडा चित्रित झाला तो आपल्या पनवेलजवळच्या लोहमार्गावर. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत तो पांच वर्षें चालला. त्याचे संवाद ध्वनिमुद्रिकांवर विकले गेले, आणि आमच्याकडे लग्नाच्या मांडवांत गाण्यांऐवजीं ते संवादच कर्ण्यावर लावीत. उसनें घेतलेलें बीज या मातींत इतकें रुजलें, याचें कारण ही माती त्याला परकी नव्हती. ज्याला अमेरिकन लोक ‘फ्रंटियर’ म्हणतात, म्हणजे जेथें एक राज्य संपतें आणि रान सुरू होतें ती सरहद्द, ती आमच्या दारांतच होती. तिचें नांव मेळघाट.

येथें थोडा कालक्रम पाहिला पाहिजे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथला कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. त्याच दशकांत आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपूरला पोंचली. आगगाडीला रूळ लागतात, रुळांखालीं लांकडी पाट्या लागतात, आणि पाट्यांना जंगल लागतें. सागाच्या झाडाची अशी किंमत ठरतांच रानाला मोजणीदार आले, हद्दी पडल्या, राखीव क्षेत्रें झालीं. वऱ्हाड नांवापुरता निजामाचा मुलूख असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानांतले १८६५ आणि १८७८ चे वनकायदे तेथें जसेच्या तसे लागत नव्हते. पण नियमांचें धोरण तेंच होतें. कोरकू लोक डोंगरउतारावर झुडपें तोडून, जाळून, त्या राखेंत कोदो-कुटकी पेरीत. तिला ते दाह्या म्हणत. ती शेती आतां गुन्हा ठरली. ज्यांनीं ती केली त्यांना वनखात्याच्या कामासाठीं वसविलेल्या वनग्रामांत मजूर म्हणून जागा मिळाली.

हींच दशकें अमेरिकेच्या पश्चिमेचींहि होतीं. तेथेंहि आगगाडी पुढें गेली, मोजणी झाली, आणि मूळच्या रहिवाशांना आंखून दिलेल्या जमिनींत कोंडण्यांत आलें. १८९० च्या जनगणनेच्या अहवालानें सरहद्द संपल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वुंडेड नी येथें लकोटा स्त्रीपुरुषांची कत्तल झाली. तीन वर्षांनीं शिकागो येथें फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकानें आपला प्रसिद्ध निबंध वाचला. मोकळ्या जमिनीकडे सरकत जाणाऱ्या वस्तीनें अमेरिकन लोकशाही घडविली, असा त्याचा सिद्धांत होता. जमीन मोकळी होती कीं मोकळी केली होती, हा प्रश्न त्या निबंधाला फारसा पडला नाहीं. पुढच्या साऱ्या वेस्टर्न कथांनाहि तो पडला नाहीं.

आमच्या सरहद्दीलाहि तिचा बंडखोर होता. मेळघाटच्या वायव्येस तापी ओलांडली कीं निमाड लागतें. तेथला तंट्या भिल्ल १८७८ सालीं खांडव्याचा तुरुंग फोडून पळाला आणि अकरा वर्षें सातपुड्याच्या रानांत पोलिसांना हुलकावण्या देत राहिला. सरकारी दप्तरांत तो दरोडेखोर. लोकांच्या तोंडीं तो तंट्यामामा. सावकाराचें लुटून गरिबांना वांटणारा, अशी त्याची ख्याति न्यूयॉर्कपर्यंत गेली, आणि १८८९ सालीं तेथल्या एका वृत्तपत्रानें त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हुड म्हटलें. त्याच वर्षीं ४ डिसेंबरला जबलपूर येथें त्याला फांशी दिलें. गब्बरसिंग आणि तंट्या यांना एका मापानें मोजावें असें मी म्हणत नाहीं. गब्बर लोकांचेंच धान्य लुटतो, तंट्याला लोकांनींच लपविलें. परंतु तंबूंत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला हा फरक कोणीं सांगितला नव्हता. डोंगरावरून येणारा तो दुष्ट आणि गांवांत राहणारा तो सज्जन, एवढेंच त्यानें मनाशीं बांधलें. खरें सांगावयाचें तर पुढें तो मुलगा प्राध्यापक झाला तेव्हांहि ती गांठ पुरती सुटली नव्हती.

पहिल्या रात्रीं आम्ही अर्ध्याहून अधिक चित्रपट पाहिला आणि वीज गेली. बंजाऱ्यांच्या तळावरचें तें प्रसिद्ध नृत्य नुकतेंच होऊन गेलें होतें. कंदिलाच्या उजेडांत माझा विद्यार्थी कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘सर, एक गोष्ट पाहिलीत? गांवांतलीं माणसें घाबरून घरांत बसलीं आहेत, आणि रानांत फिरणारे लोक दरोडेखोराची करमणूक करताहेत, त्याला हत्यारें पुरवताहेत. आम्ही पोरें जय-वीरूचा खेळ खेळायचों. पण आम्ही राहत होतों तें कांहीं रामगड नव्हतें. आमचीं घरें त्या खडकांच्या बाजूला होतीं.’

मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. मला आठवला तो १८७१ चा कायदा, ज्यानें सबंध जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि जो स्वतंत्र भारतांत १९५२ सालीं रद्द होईपर्यंत निरनिराळ्या प्रांतांत भटक्या लोकांच्या मानेवर राहिला. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस आणि कोंकणचें मीठ वाहून नेणारे ते बंजाऱ्यांचे बैलांचे तांडेच. लोहमार्गानें त्यांचा व्यापार मोडला, आणि व्यापार मोडल्यावर त्यांचें हिंडणेंच संशयास्पद ठरलें. चित्रपट काढणाऱ्यांच्या मनांत हें कांहींहि नसेल. पण जें मनांत नसतें आणि तरी हातून उतरतें तेंच इतिहासकाराला अधिक बोलकें वाटतें.

मग तो हंसत म्हणाला, ‘आमच्या वेळीं तुमच्या पेपरांत एक प्रश्न होता. इंग्रजी अंमलानें पेंढारी आणि ठग यांचा बंदोबस्त करून शांतता कशी आणली, तें लिहा. मीं छान लिहिलें होतें. तुम्ही दहापैकीं सात दिले होते.’ प्रश्न मला आठवत होता. तो मीं एकदां नव्हे, अनेकदां घातला होता. शांतता आली, हें खोटें नाहीं. परंतु तिच्यामागोमाग रानांत कोण आलें आणि रानांतून कोण गेलें, हा प्रश्न मीं कधीं घातला नाहीं. आणि समोर बसलेल्या त्या कोरकू मुलानें मला हवें तें उत्तर मुकाट्यानें लिहून गुण घेतले.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही नदीकांठीं गेलों. चालतां चालतां त्यानें आपल्या मामाची हकीकत सांगितली. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. या शतकाच्या आरंभीं कोहा, कुंड, बोरी हीं गांवें आंतल्या भागांतून हलविलीं गेलीं, आणि पुढें आणखी गांवें सपाटीवर उतरलीं. २००८ पासून दर कुटुंबास दहा लाखांची भरपाई ठरली होती. ती घेऊन मामाहि उतरला. ‘वाईटच झालें असें नाहीं,’ तो म्हणाला. ‘आतां दवाखाना जवळ आहे, पोरें शाळेंत जातात. जुन्या गांवाच्या जागीं गवत वाढलें, हरणें आलीं, वाघ आला. पण पाऊस लागला कीं मामा ओसरीवर बसून डोंगराकडे बघत राहतो. कोणीं विचारलें तर म्हणतो, कांहीं नाहीं.’

वाघाला जागा हवी, हें मला पटतें. अकोटहून खांडव्याकडे जाणारी मीटरगेज आगगाडी धूळघाटाजवळ स्वतःच्याच मार्गावरून वळसा घालून जात असे. ती २०१७ सालीं रुंदीकरणासाठीं थांबली, आणि नवा मार्ग व्याघ्रक्षेत्राबाहेरून नेण्याचें ठरलें. जिच्यासाठीं एके काळीं रान तोडलें ती आगगाडी रानासाठीं बाजूला वळली, हें वाचून मला आनंदच झाला होता. परंतु आगगाडी वळविण्यापूर्वीं पुष्कळ चर्चा झाली, नकाशे निघाले, मंत्र्यांनीं पत्रें लिहिलीं. १५० वर्षांपूर्वीं दाह्या बंद झाली तेव्हां कोणीं कोरकूंना विचारल्याचें दप्तरांत आढळत नाहीं. रामगडांत कायदा शेवटच्या प्रसंगांत येतो. मेळघाटांत तो पहिल्याच प्रसंगांत आला, आणि तो रहिवाशांसाठीं आला नव्हता. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें आपल्या प्रस्तावनेंतच रानांतल्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें मान्य केलें, हें मी आधुनिक भारताच्या श्रेष्ठ वाक्यांपैकीं एक समजतों. कबुलीला दीडशें वर्षें लागलीं. अंमलाला आणखी किती लागतील हें हातांत कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्यांनाच ठाऊक.

त्या रात्रीं वीज टिकली आणि आम्ही शेवट पाहिला. बहिरमच्या तंबूंत मीं जो शेवट पाहिला होता त्यांत हात गमावलेला ठाकूर गब्बरला पायांखालीं घेतो, आणि शेवटचा आघात करणार तोंच पोलिस येऊन त्याला कायद्याची आठवण देतात. हा शेवट मूळचा नव्हे. मूळ कथेंत ठाकूर त्याला ठार करतो. परंतु २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी जाहीर झाली होती. एक माजी पोलिस अधिकारी कायदा हातीं घेतो हें परिनिरीक्षण मंडळाला खपलें नाहीं, आणि शेवट नव्यानें चित्रित करावा लागला. सचिन पिळगांवकरांनीं रंगविलेल्या अहमदच्या हत्येचा प्रसंगहि कापला गेला. कापलेला भाग पुढें कॅसेटी आणि तबकड्या यांतून घरोघरीं पोंचला, आणि २०२५ सालीं जीर्णोद्धार केलेली मूळ प्रत इटलींतील बोलोन्या येथील महोत्सवांत मोठ्या पडद्यावर आली.

म्हणजे ज्या वर्षीं नागरिकांचे हक्क तहकूब होते, त्याच वर्षीं पडद्यावर कायदा वेळेवर धांवून येतो असें दाखवावें लागलें. लहानपणीं त्या पोलिसांना पाहून आम्हीं टाळ्या वाजविल्या होत्या. आतां मूळ शेवट पाहतांना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहींत. सूड घेऊन झाल्यावर ठाकूर रडतो. त्याचें घर रिकामेंच राहतें, आणि रामगडच्या शेतकऱ्यांच्या आयुष्यांत काय पालटलें तें आपल्याला कळत नाहीं. दोन्ही शेवटांत निर्णय वाड्यांतच होतो. एकांत वाडा स्वतः शिक्षा देतो, दुसऱ्यांत सरकारच्या स्वाधीन करतो. साध्या माणसाला दोहोंतहि बोलावयाला जागा नाहीं, आणि खडकांच्या बाजूला राहणाऱ्याला तर मुळींच नाहीं.

तरीहि मी हें लपविणार नाहीं कीं, आगगाडीवरचा तो दरोडा सुरू झाला तेव्हां मी पुन्हां दहा वर्षांचा झालों होतों. माझा विद्यार्थीहि पुढें सरकून बसला होता. दोष कळले म्हणून गोडी जात नाहीं. बखरींतल्या भाकडकथा ओळखूं आल्या म्हणून आपण बखर वाचण्याचें सोडतों थोडेंच! फक्त वाचतांना समासांत एक खूण करून ठेवावी लागते.

सकाळीं निघतांना शाळेच्या पटांगणांत पोरें खेळत होतीं. पाऊस उघडला होता. मीं विचारलें, ‘आतां तूं मुलांना हा धडा कसा शिकवतोस?’ तो म्हणाला, ‘पुस्तकांत आहे तसाच शिकवतों, सर. मग त्यांना घरीं जाऊन आजोबांना विचारून यायला सांगतों.’ परतवाड्याची गाडी आली. घाट उतरेपर्यंत मी मनाशीं त्या जुन्या प्रश्नाची नवी भाषा जुळवीत होतों. येत्या परीक्षेला तो घालणार आहें. सात गुण कोणाला द्यावयाचे हें मात्र या वेळीं मला आधीं ठरवितां येत नाहीं.